नाकांतला सूर : एका इंग्रजी शब्दाच्या निमित्तानें



इंग्रजी भाषेंत 'ट्वँग' असा एक लहानसा शब्द आहे. इंग्रजी-मराठी कोश उघडून पाहिला तर त्याचे दोन अर्थ सांपडतात. ताणलेली दोरी किंवा तार ओढून सोडली असतां होणारा नाद हा पहिला, आणि मनुष्याचा नाकांतून निघणारा स्वर हा दुसरा. एकाच शब्दानें या दोन भिन्न वस्तूंचा बोध कसा होऊं लागला, आणि त्यांतला दुसरा अर्थ आपल्या मुंबईंतील मराठी माणसांच्या बोलण्याला सरसकट लावल्यानें काय अनर्थ होतो, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे. विषय दिसण्यांत एका शब्दाचा आहे. परंतु त्याचा धागा वर्गांत गप्प बसलेल्या मुलापर्यंत जाऊन पोंचतो, म्हणून तो घरोघरच्या वडील माणसांपुढें मांडावासा वाटतो.

पहिला अर्थ सोपा आहे. हा शब्द आवाजाच्या अनुकरणानें बनलेला असून सोळाव्या शतकांत तो धनुष्याच्या दोरीच्या आवाजासाठीं इंग्रजींत रूढ झाला. आपल्याकडे त्यासाठीं 'टणत्कार' हा भारदस्त शब्द आहे. अर्जुनाच्या गांडीवाचा टणत्कार आपण कीर्तनांत ऐकलेला असतो. गिरगांवच्या चाळींत ज्यांचें बालपण गेलें त्यांना मात्र याहून जवळचें उदाहरण आठवेल, तें पिंजाऱ्याचें. खांद्यावर लांबलचक धनुकली घेऊन तो गल्लींतून जाऊं लागला कीं चालतां चालतां तिची तार छेडीत असे, आणि तेवढ्यावरून तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांना कळे कीं गाद्या पिंजून घेण्याची वेळ आली. तो आवाज म्हणजे अस्सल ट्वँग. एखाद्या गवयाला विचाराल तर तो तंबोऱ्याच्या जवारीकडे बोट दाखवील. घोडीवर तारेखालीं सुताचा धागा नेमक्या जागीं सरकविला म्हणजे तारेचा नाद भरीव होऊन गुंजूं लागतो. मिरजेच्या कारागिरांनीं या कामांत पिढ्यान् पिढ्या नांव मिळविलें आहे. तारेचा असा गुंजणारा सूर आपण गुणांत जमा करितों.

सतराव्या शतकांत हा शब्द तारेवरून नाकावर आला. त्या शतकाच्या मध्याला इंग्लंडांत राजा आणि पार्लमेंट यांच्यांत यादवी युद्ध झालें. पार्लमेंटच्या बाजूस प्युरिटन पंथाचे लोक पुष्कळ होते. राजपक्षाचे लोक त्यांच्या पोशाखाची, चालीरीतींची आणि बोलण्याची थट्टा करीत, आणि हे लोक नाकांत बोलतात हा त्या थट्टेंतला नेहमींचा आरोप असे. मेकॉलेसाहेबांनीं १८२५ सालीं मिल्टन कवीवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यांतही प्युरिटनांच्या ज्या लकबींना लोक हंसत त्यांत या नाकांतल्या स्वराची गणना केली आहे. पुढें इंग्रजांनीं हेंच विशेषण अमेरिकनांना लाविलें, आणि अमेरिकेंतल्या लोकांनीं तें आपल्याच देशांतील दक्षिणेकडच्या शेतकऱ्यांना लाविलें. यांत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हा शब्द स्वतःच्या बोलण्याला सहसा कोणी लावीत नाहीं. बोलणारा दुसऱ्या गांवचा, दुसऱ्या पंथाचा किंवा दुसऱ्या थराचा असला म्हणजे त्याचा सूर कानाला वेगळा लागतो, आणि ऐकणारा तो वेगळेपणा त्याच्या नाकावर ढकलून मोकळा होतो. पुष्कळदां तर त्या सुरांत नाकाचा कांहीं संबंधही नसतो. अलीकडे पाश्चात्त्य गायनशिक्षक कंठावरची पोकळी आंवळून काढलेल्या खणखणीत आवाजाला 'ट्वँग' म्हणतात, आणि तो नाक बंद ठेवूनही काढतां येतो.

तेव्हां बोलण्यांत नाक खरोखर काय काम करितें, हें आधीं पाहूं. आपण बसल्या जागीं एक लहानसा प्रयोग करा. अंगठा आणि तर्जनी यांनीं नाक घट्ट दाबून धरा आणि 'काका', 'दादा', 'बाबा' हे शब्द उच्चारा. आवाजांत म्हणण्यासारखा फरक पडणार नाहीं. आतां तसेंच नाक दाबून 'मामा' आणि 'नाना' म्हणा. स्वर कोंडेल, आणि 'मामा' शब्द 'बाबा'सारखा व 'नाना' शब्द 'दादा'सारखा ऐकूं येईल. याचें कारण टाळूच्या रचनेंत आहे. टाळूचा पुढचा भाग हाडाचा आणि मागचा, पडजिभेकडचा, मऊ स्नायूंचा असतो. हा मऊ भाग झडपेसारखा वरखालीं होतो. क, द, ब या अक्षरांच्या वेळीं तो वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करितो. म, न, ण या अक्षरांच्या वेळीं तो खालीं उतरतो आणि आवाज नाकावाटे बाहेर पडतो. 'म' आणि 'ब' यांत ओंठांची ठेवण एकच आहे, फरक काय तो या झडपेचा. यावरून आणखी एक गंमत कळते. सर्दी झालेल्या माणसाला आपण 'नाकांत बोलतोस' असें म्हणतों, परंतु त्या बिचाऱ्याच्या नाकांतून आवाज जातच नसतो. नाक चोंदल्यामुळें त्याचा म ब होतो, इतकेंच.

आपल्या पूर्वजांनीं या गोष्टीचा फार बारकाईनें विचार केला होता. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादांत अनुनासिक वर्णाचें लक्षण सांगितलें आहे. जो वर्ण मुख आणि नासिका या दोहोंच्या साहाय्यानें उच्चारिला जातो, तो अनुनासिक. यांत निंदा नाहीं कीं स्तुति नाहीं. आपल्या वर्णमालेंत प्रत्येक वर्गाच्या शेवटीं ङ, ञ, ण, न, म हे अनुनासिक मानानें बसलेले आहेत. उलट, तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' ग्रंथांत गायकाचे पंचवीस दोष दिले, त्यांत नाकांत गाणें हा एक दोष सांगितला आहे. वरवर पाहतां हें विसंगत वाटेल, पण तसें नाहीं. ज्या अक्षराला नाकाची गरज आहे त्याला तें द्यावें, हें व्याकरण झालें. प्रत्येक अक्षर नाकांत कोंबावें, हा गायनांतला दोष झाला.

मराठींतही या निरनिराळ्या गोष्टींना निरनिराळे शब्द आहेत. भाषेच्या अंगचा जो नाकांतला उच्चार त्याला आपण अनुनासिक म्हणतों. गांवोगांवच्या बोलण्यांत जी सुराची चढउतार असते तिला हेल म्हणतों. आणि टाळूच्या किंवा नाकाच्या व्यंगामुळें सगळेंच बोलणें नाकांत येतें, तेव्हां त्याला गेंगाणें म्हणतों. इंग्रजी शब्दांत हे तिन्ही प्रकार एकत्र कोंबले गेले आहेत. आपल्या शब्दांत ते वेगळे असूनही आपण व्यवहारांत त्यांची गल्लत करितों, आणि कोंकणांतून आलेल्या मुलाच्या अनुनासिकाला बेधडक 'गेंगाणा' म्हणतों. माझें म्हणणें या गल्लतीविरुद्ध आहे.

कोणत्या अक्षराला नाक लागावें हें प्रत्येक भाषा आपल्यापुरतें ठरविते. फ्रेंच आणि पोर्तुगीज या भाषांत कित्येक स्वर नाकांतूनच उच्चारावे लागतात, आणि तेथील मोठ्यांत मोठा पंडितही ते तसेच उच्चारितो. दादरच्या पदपथावर आपण जो वड्याबरोबर पाव खातों, तो शब्द पोर्तुगिजांचा आहे. त्यांच्या मूळ शब्दांत स्वर सानुनासिक आहे. आपण पाव ठेवला आणि त्यांचें नाक तेवढें सोडून दिलें!

आपल्या स्वतःच्या शब्दांतही असेंच झालें आहे. संस्कृत 'ग्राम' शब्दापासून 'गांव' झालें, 'पंच' पासून 'पांच', 'दंत' पासून 'दांत' आणि 'कंटक' पासून 'कांटा'. या शब्दांवर पूर्वी जो अनुस्वार देत तो त्या लोपलेल्या म-न-ञ-ण यांची खूण होती. हिंदी बोलणारा मनुष्य आजही यांतले गांव, पांच, दांत हे शब्द नाकांतून उच्चारितो. त्याचप्रमाणें 'तें', 'माझें', 'झालें' या नपुंसकलिंगी रूपांवरचा अनुस्वार हाही जुन्या उच्चाराचा अवशेष आहे. देशावरच्या शिष्ट मराठींत हे उच्चार हळूहळू मावळले, पण लेखनांत ठिपके राहिले. मग न ऐकूं येणारे अनुस्वार पाठ करणें हें विद्यार्थ्यांच्या कपाळीं आलें, आणि शुद्धलेखनाच्या वहींत सर्वांत अधिक लाल शाई त्यांवरच खर्च होऊं लागली.

अखेर १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळानें सुचविलेले लेखनविषयक चौदा नियम महाराष्ट्र शासनानें मान्य केले. १९७२ सालीं त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. या नियमांनीं उच्चारांत नसलेले अनुस्वार काढून टाकण्यांत आले. मीं स्वतः शिकलों आणि शिकविलें तें याच नियमांप्रमाणें, आणि ते नियम योग्य होते असेंच माझें मत आहे. त्यांत एक सोयही झाली. पूर्वी 'घरांत' असें लिहिलें तर एक घर कीं अनेक घरें हें कळत नसे. आतां ठिपका दिला कीं अनेकवचन, न दिला कीं एकवचन. आज माझ्यासमोर जो कागद आहे त्यावर हें भाषण मात्र मीं आजोबांच्या वळणानें, जुने अनुस्वार देऊन लिहून आणलें आहे. आपणांला ते ठिपके ऐकूं येत नाहींत, कारण माझ्या तोंडून ते उमटत नाहींत. नियम करणारांचा मुद्दा हाच होता.

परंतु नियमानें ठिपका गेला तरी ज्या मुखांत तो उच्चार जिवंत होता तेथून तो गेला नाहीं. येथें आपल्या मुंबईचा संबंध येतो. लालबाग-परळच्या गिरण्यांत काम करण्यासाठीं घाटावरून आणि कोंकणांतून माणसें आलीं. कोंकणची माणसें मुख्यतः जुन्या रत्नागिरी जिल्ह्यांतलीं. त्या जिल्ह्याचा दक्षिण भाग १ मे १९८१ रोजीं वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. एकेका गांवाची माणसें एकेका खोलींत पाळीपाळीनें राहत, खानावळींत जेवत, आणि आपली बोली बरोबर आणीत. त्या मालवणी बोलींत 'माझें घर' याला 'माझां घर' म्हणतात, 'तें झालें' याला 'तां झालां' म्हणतात, आणि 'कोठें' याला 'खंय' म्हणतात. यांतला प्रत्येक ठिपका तोंडानें उच्चारिला जातो. गोव्याच्या कोंकणींत तर 'मी' याला 'हांव' म्हणतात, म्हणजे मनुष्य स्वतःचें नांव सांगावयास लागला कीं नाकापासूनच सुरुवात! त्या भाषेला १९९२ सालीं भारताच्या राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें.

रत्नागिरीकडच्या चित्पावनी बोलींतही अनुनासिकांची रेलचेल आहे, आणि गिरगांवच्या चाळींतल्या त्या मंडळींचें पुस्तकी मराठीसुद्धां नाकाचा आधार घेऊन चाले. त्याची थट्टा होई, नाहीं असें नाहीं. पण ती थट्टा घरगुती असे. त्या सुरावरून त्यांना कोणी अडाणी ठरविलें नाहीं, कारण तो सूर शिक्षकाचा, वकिलाचा, कारकुनाचा होता. तोच अनुनासिक गिरणी कामगाराच्या मुलाच्या तोंडीं आला कीं मात्र तो गांवढळ ठरे. नाक दोघांचें एकाच किनाऱ्यावरचें, पण निवाडा वेगळा. हा निवाडा कानानें केलेला नसतो, तो माणसाचा पत्ता विचारून केलेला असतो.

मी ज्या शाळांत शिकविलें त्यांपैकीं एकींत घडलेली गोष्ट सांगतों. लालबागच्या बाजूची शाळा, इयत्ता चौथी. कुडाळकडच्या एका खेड्यांतून एक मुलगी मामाकडे शिकावयास आली होती. वाचनांत चांगली, हिशेबांत तर वर्गाच्या पुढें. पहिल्या आठवड्यांत 'माझें गांव' या विषयावर तोंडी बोलावयाचें होतें. तिनें 'माझां गांव' म्हणून आरंभ केला आणि वर्ग हंसला. गोष्टींतलीं भुतें नाकांत बोलतात हें मुलांना ठाऊक असतें, त्यामुळें मधल्या सुटींत तिला 'भूत' हें नांव पडलें. त्यानंतर ती मुलगी बोलेनाशी झाली. हजेरीला हात वर करी, प्रश्नाचें उत्तर पाटीवर लिहून दाखवी, पण तोंड उघडीना. तिला घरीं कोणीतरी 'शुद्ध बोल, नाहीं तर बोलूं नको' अशी समज दिली होती असें पुढें कळलें. तिनें त्यांतला दुसरा मार्ग पत्करला होता.

मीं घरचें एक जुनें, १९६२ च्या पूर्वी छापलेलें क्रमिक पुस्तक वर्गांत नेलें. त्यांतला एक उतारा फळ्यावर जसाच्या तसा लिहिला आणि मुलांना विचारलें, 'या अक्षरांवर हे ठिपके कशाचे?' कोणालाच सांगतां येईना. मग प्रत्येकानें नाकावर बोट ठेवून तो उतारा वाचावा असें सांगितलें. बहुतेकांचें नाक त्या ठिपक्यांवर स्वस्थच राहिलें. शेवटीं त्या मुलीला म्हटलें, 'बाळ, हाच उतारा तूं तुझ्या आजीच्या बोलींत सांग.' तिनें खालीं मान घालून सांगितला. तिच्या शेजारच्या मुलीनें हळूच तिच्या नाकावर बोट ठेवलें, आणि जेथें जेथें छापलेल्या नपुंसकलिंगी शब्दावर ठिपका होता तेथें तेथें तें नाक थरथरत होतें. आमच्या पुस्तकांतून जें गेलें होतें, तें त्या मुलीच्या तोंडांत सुखरूप होतें. थट्टा त्या एका दिवसानें थांबली असें मी म्हणणार नाहीं. मुलें तीं मुलेंच. पण ती मुलगी बोलूं लागली, आणि वर्षाच्या अखेरीस पुस्तकी मराठींत कविता म्हणून दाखवूं लागली. घरची बोली टाकावी लागली नाहीं, म्हणून शाळेची भाषा तिला लवकर आली, असा माझा अनुभव आहे.

या बोलीला मान मिळूं लागला त्यांत रंगभूमीचाही वाटा मोठा आहे. गंगाराम गवाणकरांनीं लिहिलेलें आणि मच्छिंद्र कांबळी यांनीं गाजविलेलें 'वस्त्रहरण' हें मालवणी नाटक पांच हजारांहून अधिक वेळां रंगलें. ज्या बोलीला लोक नाटकांत नोकराच्या तोंडीं हंसत, तिला आतां ते तिकीट काढून, तिच्याच बाजूनें हंसूं लागले. तथापि नाट्यगृहांतलें कौतुक बाहेर आल्यावर टिकतेंच असें नाहीं. आजही कित्येक घरांत आजी 'खंय' म्हणाली कीं सून मुलांना डोळ्यांनीं खुणावते. आणि त्याच घरांतला तरुण नातू परदेशच्या दूरध्वनी-सेवेच्या कचेरींत नोकरीला लागला, तर अमेरिकन माणसासारखें नाकांतून इंग्रजी बोलण्याचें शिक्षण घेतो आणि त्याबद्दल पगार मिळवितो. नाकांतून बोलणें हा दोष असता, तर तो आजीच्या वेळीं दोष आणि नातवाच्या वेळीं पात्रता कसा ठरला असता?

येथें एक सावधगिरीची सूचना देणें माझें कर्तव्य आहे. सगळेंच नाकांतलें बोलणें बोलीचें असतें असें समजून आजाराकडे डोळेझांक करूं नये. मूल सदा तोंड उघडें ठेवून श्वास घेत असेल, झोपेंत घोरत असेल आणि त्याचा 'म' 'ब' सारखा येत असेल, तर नाकामागच्या गांठी वाढलेल्या असूं शकतात. उलट 'काका', 'बाबा' हे शब्दही नाकांतून येत असतील, किंवा दूध-पाणी नाकावाटे येत असेल, तर टाळूंत व्यंग असण्याचा संभव आहे. कधीं कधीं टाळूची फट वरच्या कातडीखालीं झांकलेली असते आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं. अशा मुलाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावें. परळचें केईएम रुग्णालय १९२६ पासून आणि त्याच्या जवळचें वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून याच वस्तींत उभें आहे, तेव्हां मुंबईकरांना यासाठीं दूर जावयास नको. शस्त्रक्रिया आणि त्यानंतर वाचोपचार यांनीं अशा मुलांचें बोलणें पुष्कळ सुधारतें. त्यांना रागें भरून मात्र कांहीं सुधारत नाहीं, कारण झडप मिटत नसेल तर ती धाकानें मिटणार नाहीं.

बोली कोणती आणि आजार कोणता, हें घरच्या घरीं ओळखण्याची खूण आतां आपल्याजवळ आहे. मुलाचें नाक दाबून 'काका, दादा, बाबा' म्हणवून घ्यावें. आवाज बदलला नाहीं, आणि नाक सोडल्यावर 'मामा, नाना' स्पष्ट आले, तर त्याच्या नाकांत व टाळूंत कांहीं बिघाड नाहीं असें सामान्यतः समजावें. शंका राहिल्यास डॉक्टर आहेतच. मग 'माझां' आणि 'खंय' या शब्दांत जें नाक ऐकूं येतें तें त्याच्या गांवाचें आहे. त्याला शाळेची मराठी अवश्य शिकवावी, चांगली शिकवावी, पण तिच्या शेजारीं दुसरी म्हणून. एकीसाठीं दुसरी बंद करूं नये.

'ट्वँग' हा शब्द इंग्रजांनीं प्रथम दोरीला लाविला, तेव्हां त्यांत निंदा नव्हती. निंदा शिरली ती माणसामाणसांतल्या दुराव्यामुळें. आपल्या घरांत सुटींत गांवचें मूल राहावयास येईल, किंवा वर्गांत नवें मूल आपल्या मुलाच्या शेजारीं बसेल, तेव्हां त्याच्या नाकाविषयीं कोणी बोलण्यापूर्वी, तें काय सांगत आहे तें पुरतें ऐकून घ्यावें, एवढीच माझी विनंति आहे.